आंदणात आलेली मांजरं आणि फिरता डबा

रविवार, 2 फेब्रुवारी 2025

पीथमपूरला कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला चौतीस वर्षं काढली. तिथली एक सवय सुटत नाही: लॉगबुकात लिहिलं नाही ते काम झालंच नाही. म्हणून ही वही. मांजरांच्या शी-शूची वही ठेवणारा लोकमान्य नगरातला मी पहिलाच, असं हिचं म्हणणं आहे. असेन.

आधी पार्श्वभूमी. सूनबाई लग्न होऊन आली ती दोन मांजरं घेऊन. पूर्वी आंदणात गाय यायची, आता हे, असं ही तेव्हा म्हणाली होती आणि अजून म्हणते. एक सुभेदार: सात वर्षांचा, करडा-पांढरा, ऑपरेशन झालेला बोका, चालतो असा की सगळा इंदूर याच्या जहागिरीत. दुसरी शेव: चार वर्षांची, नारिंगी, किडकिडीत, भित्री. नारिंगी मांजर बहुतेक करून बोका निघतो. तो रंग एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे मादीला पुरा नारिंगी व्हायला तो आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. म्हणून शेवेला सूनबाई फार जपते.

आता सूनबाईला तिसरा महिना लागलाय. डॉक्टरीण बाईंनी मांजरांना हात लावायला मनाई केली नाही, पण त्यांचा शी-शूचा टब साफ करणं बंद सांगितलं. कारण टॉक्सोप्लाझ्मा. मांजराच्या शीतून त्याची बीजं पडतात, ती पडल्या पडल्या लागत नाहीत, एक ते पाच दिवस उघड्यावर राहिली की मग बाधक होतात. म्हणजे टब रोजच्या रोज साफ झाला तर धोका पुष्कळ उतरतो, आणि तो दुसऱ्या कुणी केला तर जवळजवळ संपतो. घरातच राहणारं, शिजवलेलं खाणारं मांजर तसंही कमी धोक्याचं, न धुतलेल्या भाज्या आणि कच्चं मांस याचीच जास्त काळजी घ्या, असंही त्या म्हणाल्या. ते ऐकल्यापासून घरात कोथिंबीर तीनदा धुतली जाते.

हा दुसरा कुणी म्हणजे मी. मुलगा सकाळी आठला बाहेर पडतो. ही शिवणार नाही.

प्लास्टिकचा निळा टब, मागच्या गॅलरीत. ढेकळं काढायचं सूनबाईचं खुरपं मोडलेलं सापडलं म्हणून स्वयंपाकघरातला जुना झारा घेतला. हे हिला रात्री कळलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

गुरुवार, 6 फेब्रुवारी

कुठलंही यंत्र बसवण्याआधी चालू स्थितीची आकडेवारी हवी. चार दिवस घेतली. ओलं झालं की टबातल्या मातीचं घट्ट ढेकूळ होतं, त्यामुळे मोजणं सोपं. सुभेदाराचं ढेकूळ मोसंबीएवढं, शेवेचं लिंबाएवढं. सुभेदार दिवसाला तीन मोसंबी, शेव दोन ते तीन लिंबं, शी प्रत्येकी एक. वजन घ्यायला मी मांजर घेऊन काट्यावर उभा राहिलो, मग नुसता उभा राहिलो आणि वजाबाकी केली. सुभेदार 5.6 किलो, शेव 3.2. माझं वजन या वहीचा विषय नाही.

मुलानं परवा रात्री सगळ्यांना न विचारता आपोआप साफ होणारा डबा मागवलाय. सत्तावीस हजार. ही म्हणाली, एवढ्यात पूर्वी आमच्या संडासाचं काम झालं होतं.

शनिवार, 8 फेब्रुवारी

डबा आला. कपडे धुवायच्या मशीनएवढं खोकं. सुभेदार खोक्यात जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. सत्तावीस हजारांपैकी खोक्याचे पैसे वसूल.

यंत्र असं: आडवा पडलेला मोठा गोल पिंप, पुढे तोंड. आत माती. मांजर आत शिरलं की तळाच्या लोड सेलना वजन कळतं. मांजर बाहेर पडलं की सात मिनिटं थांबून पिंप हळूहळू फिरतो, माती जाळीतून गळून एकीकडे जाते, ढेकळं जाळीवर अडकून खालच्या कप्प्यात पडतात, मग पिंप उलटा फिरून जागेवर येतो आणि माती परत पसरते. बाजारात दुसरा प्रकारही आहे, त्यात दाताळं माती विंचरत नेतं. तोंडाशी इन्फ्रारेड डोळा: कुणी आलं तर थांबायचं. दीड किलोखालच्या पिल्लांसाठी आपोआप चालवू नका, अशी पुस्तिकेत ताकीद. मला हे सगळं पसंत पडलं. साधी गोष्ट, नीट केलेली.

मग मी जे केलं ते कारखान्यात माझ्या हाताखालच्या पोरानं केलं असतं तर त्याला उभा फाडला असता. जुना टब काढला, धुऊन पालथा घातला, यंत्र त्याच जागी ठेवलं, नवी माती ओतली, स्विच चालू.

रविवार, 9 फेब्रुवारी

रात्री पावणेदोन. शेव आत जाऊन आली असावी, आणि वास घ्यायला परत तोंडाशी गेली असावी. तेवढ्यात सात मिनिटं भरली. पिंप फिरला. इन्फ्रारेड डोळ्यानं तिला पाहिलं, पिंप थांबला, यंत्राच्या दृष्टीनं सगळं बरोबर झालं. शेवेच्या दृष्टीनं जमीन हलली. ती गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून देवघर, तिथून कपाटावर. वाटेत समई. वाटेत तेल.

सकाळी ही काही बोलली नाही. हे जास्त वाईट.

सोमवार, 10 फेब्रुवारी

पायपुसणं: ओलं. मुलाची लॅपटॉपची बॅग: ओली. इस्त्रीचे कपडे: सुभेदार, मोसंबी, एक नग. यंत्राच्या ॲपमध्ये चोवीस तासांत फेऱ्या शून्य.

हिनं फरशीवर काळं फिनाईल ओतायला घेतलं तेव्हा सूनबाई आतून ओरडली, आई, ते नको. तिचं बरोबर आहे. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून निघालेले फिनॉलच्या जातीचे पदार्थ असतात, आणि मांजराच्या यकृताला ते पचवून बाहेर टाकता येत नाहीत. माणसाला, कुत्र्याला जमतं ते या प्राण्याला जमत नाही. फरशीवरून चाललं, पंजे चाटले की पोटात. शिवाय अमोनियाच्या वासाचं काहीही वापरलं तर ती जागा मांजराला मुतारीच वाटते, कारण मुतातही तोच वास. एन्झाइमचं द्रावण मिळतं, ते वास झाकत नाही, मोडतं. ते येईपर्यंत साधं कोमट पाणी आणि थोडी धुण्याची पावडर.

संध्याकाळी जुना टब परत जागेवर. दहा मिनिटांत दोघंही येऊन गेली. आधी सुभेदार, मग शेव, रांगेत, रेशनच्या दुकानासारखी.

बुधवार, 12 फेब्रुवारी

चूक कुठे झाली ते लिहून काढतो. एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या: भांडं, माती, उंबऱ्याची उंची आणि आवाज. बंद पडलं तर कशामुळे बंद पडलं हे कळायलाच मार्ग ठेवला नाही. बॉयलर बदलताना जुना चालू ठेवून नवा शेजारी तापवतो आपण. मांजराला तेवढाही मान दिला नाही.

माती ही त्यातली मोठी गोष्ट. आपलं घरातलं मांजर मूळचं आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडच्या रानमांजरापासून आलेलं, कोरड्या मुलखातलं. भुसभुशीत वाळू उकरायची, जायचं, झाकायचं, हे त्याच्या अंगात आहे. आपण देतो ती ढेकळं बांधणारी माती म्हणजे बेंटोनाइट, आपल्याकडे कच्छमध्ये मुबलक निघते. पाणी लागलं की फुगते आणि चिकटते. त्याच्या आधीची गोष्ट तर मजेची आहे: अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या माणसाच्या शेजारणीनं 1947 मध्ये मांजरासाठी वाळू मागितली, तर त्यानं तिला तेल शोषायला विकायचा ती माती दिली, आणि त्यातून सगळा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे फुलर्स अर्थ. म्हणजे आपली मुलतानी माती. हिला सांगितलं. म्हणाली, म्हणजे मी तोंडाला लावते ती?

विषय बदलला.

नवा आराखडा: यंत्र बंद, वायर काढलेली, जुन्या टबाच्या शेजारी. आत नवी माती नाही, जुन्या टबातलीच, वासाची, दोन ओंजळी वापरलेल्या मातीसकट. मुलानं कप्प्यात लिंबाच्या वासाची वडी टाकली होती ती काढली. लिंबू-संत्र्याचा वास बहुतेक मांजरांना सोसत नाही, आणि यानं ती नेमकी त्यांच्या संडासात ठेवली होती.

घाई करायची नाही. बाळ ऑगस्टमध्ये येणार आहे.

शनिवार, 15 फेब्रुवारी

यंत्राचा उंबरठा जमिनीपासून चांगला उंच आहे. सुभेदार चढतो, शेव पुढचे पाय टेकवून आत पाहते आणि परत फिरते. पायरी हवी. हिच्याकडे चौरंग मागितला. मिळाला नाही. जेवायला बसायचा एक जुना पाट मिळाला, तोही कडेची पितळी फुलं निघालेली म्हणून.

पाट लावल्यावर दुपारी शेव आत जाऊन उकरून आली. केलं काही नाही. पण उकरलं.

रविवार, 16 फेब्रुवारी

मांजरं पुढच्या खोलीत कोंडून सुरक्षेच्या चाचण्या घेतल्या. ॲपवर विश्वास ठेवून जिवंत प्राणी आत सोडायचा नाही, हे मुलाला पटवायला अर्धा तास गेला.

एक: तांदळाची तीन किलोची पिशवी आत ठेवून चक्र सुरू करायचा प्रयत्न. सुरू झालं नाही. पास. दोन: चालू चक्रात पिशवी ठेवली. थांबलं. पास. तीन: तोंडाच्या कडेत काही अडकलं तर? यासाठी दुधी वापरला. पिंप दुध्याला टेकला, थांबला, थोडा मागे गेला. दुध्यावर नखाएवढा वळ. पास. चार: अर्ध्या चक्रात वीज काढली. पिंप होता तिथे थांबला, तोंड अर्धं झाकलेलं; आत कुणी असेल तर बाहेर यायला पुरेशी फट राहते का ते हातानं पाहिलं. राहते. वीज आल्यावर आधी वजन तपासतो, मग पुढे जातो. हे मला फार आवडलं. असं इंटरलॉक, म्हणजे धोका असेल तर यंत्राला आपोआप अडवणारी सोय, आमच्या एका कन्व्हेअरला असतं तर एका माणसाचं बोट वाचलं असतं.

दुधी रात्री भाजीत गेला. हिला सांगितलेलं नाही.

बुधवार, 19 फेब्रुवारी

माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असलेला प्रश्न आज सुटला: हे टाकायचं कुठल्या डब्यात?

इंदूरबाहेरच्या माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण 2017 पासून सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिला नंबर, सातव्यांदा सुरतेबरोबर विभागून, हे असं फुकट येत नाही. इथे कचऱ्याच्या गाडीला कप्पे आहेत: ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, घातक, आणि सॅनिटरी. चुकीच्या कप्प्यात टाकलंत तर गाडीवरचा मुलगा सगळ्या गल्लीसमोर परत हातात देतो.

सून आजवर सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्यात टाकायची. मला ते बरोबर वाटेना. ओल्यात टाकावं म्हटलं, शी आहे, सेंद्रिय आहे. पण ओला कचरा जातो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात. रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा प्लांट, तीन वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला उद्घाटन झालं होतं. त्यात माझी बेंटोनाइट म्हणजे नुसती माती, जिच्यातून गॅस निघणार नाही आणि जी पाणी पिऊन फुगेल. ज्या माणसानं आयुष्यभर गाळानं तुंबलेले व्हॉल्व्ह उघडले त्यानं हे करू नये. संडासातही ओतता येत नाही, त्याच कारणानं.

गाडीचं गाणं ऐकू आल्यावर पुडा घेऊन खाली गेलो आणि विचारलं. मुलानं पुड्याचा वास घेतला, विचार केला, म्हणाला, "अंकल, बच्चे का डायपर समझ के इसमें डाल दो, कागज में बाँध के, और ऊपर लिख दो।" म्हणजे सॅनिटरी. लाल पेननं पुड्यावर 'बिल्ली' असं लिहितो. ऑगस्टनंतर खरे डायपर त्याच कप्प्यात जातील. तेव्हा नाव लिहावं लागणार नाही.

शनिवार, 22 फेब्रुवारी

आवाजाची सवय. मुलाची कल्पना: यंत्राचा आवाज मोबाइलवर टेप करायचा आणि जेवणाच्या वेळी हळू लावायचा, रोज थोडा वाढवत. कल्पना चांगली, चार दिवस केली. मोबाइलच्या आवाजाला दोघांनीही कान हलवला नाही. मग काल खरं यंत्र पुढच्या खोलीत नेऊन, दार लावून, एक चक्र चालवलं. मोबाइलवरच्या आवाजापेक्षाही बारीक आवाज येत होता. शेव जेवण टाकून कपाटावर.

रात्री झोप येईना तेव्हा उलगडलं. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झला संपतो, म्हणून मोबाइलचा माइक आणि स्पीकर त्याच्या जरा पुढे संपतात. मांजराला साठ हजारांच्याही वरचं ऐकू येतं. उंदीर तिथेच बोलतात. आणि मोटरचा वेग आवरणारी विजेची स्पंदनं बऱ्याचदा मुद्दाम वीस हजारांच्या आसपास किंवा वर ठेवतात, आपल्याला किणकिण ऐकू येऊ नये म्हणून. म्हणजे जे यंत्र मला शांत वाटतं ते शेवेला किंचाळत असेल, आणि त्यातला नेमका तो भाग मोबाइलनं टेपच केला नव्हता. चार दिवस तिला दुसऱ्याच कसल्या आवाजाची सवय लावत होतो.

आता टेप नाही. खरं यंत्र, लांबच्या खोलीत, दोन बंद दारांआड. चक्र सुरू झालं की उकडलेली कोंबडी, थांबलं की कोंबडी बंद. कोंबडी आमच्या स्वयंपाकघरात चालत नाही, ती मुलगा गॅलरीत हॉटप्लेटवर उकडतो. आमच्या आईनं हे पाहिलं असतं तर मला त्याच गॅलरीत झोपवलं असतं.

बुधवार, 26 फेब्रुवारी

महाशिवरात्र. एक दार उघडं. शेवेनं खाल्लं. आम्ही उपाशी, म्हणजे साबुदाण्याची खिचडी.

सोमवार, 3 मार्च

दोन्ही दारं उघडी. यंत्र गॅलरीत परत, पण अजून चक्र फक्त माझ्या हातानं, बटण दाबून, मांजरं जेवत असताना. सुभेदाराला आता उलट नाद लागलाय: चक्र सुरू झालं की तोंडापासून दोन हात लांब बसतो आणि ढेकळं खाली पडताना पाहतो. निवृत्त माणसं मेट्रोचं काम चालू असलेल्या ठिकाणी उभी असतात, तसा.

ॲपमध्ये काल अकरा किलोचं अनोळखी मांजर नोंदलं गेलं. हिनं धुण्याची बादली यंत्रावर टेकवली होती.

शुक्रवार, 7 मार्च

पाच दिवसांत जुन्या टबात सोळा, यंत्रात चौदा. शेवेनं मंगळवारी पहिल्यांदा यंत्रात लिंबू ठेवलं. सूनबाई दारात उभी राहून, आत न येता, टाळ्या वाजवत होती. बाबा, फोटो काढा म्हणाली. काढला. मुलीचं पहिलं पाऊल वगैरे असेल असं वाटून माझ्या भावानं ग्रुपवर अभिनंदन केलं.

जुना टब आता मुद्दाम एक दिवसाआड साफ करतोय, यंत्र कायम स्वच्छ. चोखंदळ गिऱ्हाईक आपोआप स्वच्छ दुकानाकडे वळतं. सूनबाईच्या पोटातल्या बाळाचा विचार करता हे आदर्श नाही, पण गॅलरीत ती येत नाही आणि मी हातमोजे घालतो.

मंगळवार, 11 मार्च

काल दिवसभरात सगळं यंत्रात. जुना टब काढला. आपोआप चक्र चालू, थांबण्याची वेळ सातऐवजी पंधरा मिनिटं. झालं म्हणायचं.

(नंतर लिहिलेलं: नाही म्हणायचं.)

शनिवार, 15 मार्च

काल धुळवड. गल्लीत दिवसभर ढोल, पिचकाऱ्या, मुलं गच्चीवरून फुगे फेकत होती, त्यातले दोन गॅलरीच्या जाळीवर फुटले. मांजरं पलंगाखाली.

पहाटे पाचला उठून सवयीनं ॲप पाहिलं. सुभेदाराच्या रात्रीत अकरा फेऱ्या. आधी वाटलं लोड सेल बिघडला. मग प्रत्येक फेरीची वेळ पाहिली: दोन मिनिटं, तीन मिनिटं, चार. कप्पा ओढून पाहिला. त्यात सुभेदाराचं एकही मोसंबी नव्हतं. वाटाण्याएवढ्या चार गोळ्या.

या वहीतली ही एक नोंद कुणी मांजरवाल्यानं वाचावी. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, तिच्यात खडे, गाळ, आतल्या सुजेचा बुळबुळीत गोळा अडकू शकतो. सारखा जाऊन बसतो, जोर करतो, येत काही नाही. लोक समजतात बद्धकोष्ठ झालंय. लघवी पूर्ण अडली तर पोटॅशियम रक्तात चढतं, हृदयाची गती बिघडते, आणि दोन-तीन दिवसांत मांजर जातं. सकाळ होऊ द्या, सोमवार येऊ द्या, असं म्हणायची ही गोष्ट नाही.

सहाला मुलाला उठवलं, सुभेदाराला पेटीत घातलं. वाटेत रस्त्यावर कालचा रंग वाळलेला. डॉक्टरांनी पोट चाचपलं: मूत्राशय भरून टणक झालेलं नव्हतं, म्हणजे अडलेलं नाही, थेंब थेंब येत होतं. सोनोग्राफीत खडा नाही. मूत्राशयाला सूज. जंतूही नाहीत. मग कशानं?

"घरात अलीकडे काही बदललंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

ताणानं होतं हे. जंतू नसताना, खडा नसताना नुसत्या ताणानं मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, घरात राहणाऱ्या जाड बोक्यांना तर जास्त. मी महिनाभर शेवेवर लक्ष ठेवून होतो, कारण ती पळत होती, दिसत होती. सुभेदार समोर बसून मजा बघतोय असं मला वाटत होतं. आज वाटतं, तो पहारा देत होता.

वेदनेचं औषध, ओलं खाणं, पाणी जास्त ठिकाणी, आणि टब. डॉक्टर म्हणाले, जेवढी मांजरं त्याहून एक टब जास्त. दोन मांजरांना तीन. आणि आम्ही एका यंत्रावर आलो होतो, तेही स्वतः हलणाऱ्या.

घरी येऊन पहिलं काम: निळा टब. दुसरं काम: आपोआप चक्र बंद.

सोमवार, 17 मार्च

दोन मोसंबी! एक निळ्या टबात, एक यंत्रात. हिला उठवून सांगितलं. म्हणाली, वाजले किती? साडेचार.

बुधवार, 19 मार्च

रंगपंचमी. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. ट्रकवरून गुलाल उडवणारी यंत्रं, टँकरनं रंगाचं पाणी, पाय ठेवायला जागा नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गेलो नाही. मागच्या खोलीत खिडक्या लावून, पंखा पूर्ण वेगात, सुभेदाराजवळ बसलो. तिसरा टब आज आला: साधी आयताकृती प्लास्टिकची टोपली, सुभेदाराच्या लांबीच्या दीडपट, कडा बुटक्या. अडीचशे रुपये. तिघांत तीच त्याला सर्वांत आवडली.

रविवार, 30 मार्च

गुढीपाडवा. गेल्या दहा दिवसांची बेरीज: यंत्रात 31, निळ्या टबात 11, टोपलीत 16. शेव जवळजवळ सगळं यंत्रात करते, पाटावर उभी राहून आधी आत वाकून बघते, मग शिरते. सुभेदार शू टोपलीत, शी यंत्रात. का, ते त्यालाच ठाऊक. जनरल मॅनेजर लोकांचंही असंच असायचं.

यंत्र मी आता हातानं चालवतो. सकाळी साडेसहाला चहाआधी एक बटण, रात्री दहाला एक, दोन्ही वेळा मांजरं जेवत असताना. मुलगा म्हणतो, बाबा, सत्तावीस हजारांचं ऑटोमॅटिक यंत्र तुम्ही मॅन्युअलवर चालवताय. चालवतोय. अंधारात आपोआप हलणारं काहीही शेवेला आवडत नाही, आणि मला ते आता तितकं चुकीचं वाटत नाही. लोड सेल मात्र चोवीस तास चालू. फेऱ्या आणि वजन तोच लिहितो, आणि ते माझ्या वहीपेक्षा प्रामाणिक आहे, कारण तो पहाटे दोनला झोपत नाही. सुभेदाराच्या त्या अकरा फेऱ्या निळ्या टबात झाल्या असत्या तर मला दुपारपर्यंत कळलं नसतं.

पण कप्पा उघडून रोज पाहतो. ॲप म्हणतं कप्पा भरला की कळवीन, आठवडाभर बघायची गरज नाही. ॲपला मोसंबी आणि वाटाणा यातला फरक कळत नाही. शिवाय मार्चचा शेवट, गॅलरीत दुपारी ऊन, आठवडाभराचा कप्पा म्हणजे काय ते एकदा अनुभवलंय.

सूनबाईला पाचवा महिना लागेल आता. टबाला हात नाही, कप्प्याला हात नाही. मूळ काम ते होतं.

रविवार, 6 एप्रिल

रामनवमी. शुक्रवार-शनिवार उज्जैनला पुतणीच्या घरी वास्तुशांत होती, मी एकटाच गेलो. जाताना मुलाला सगळं समजावून सांगितलं: बटण, कप्पा, मोजणी, लाल पेन. तो विसरणार हे गृहीत धरलं होतं.

आज परत येऊन वही उघडली तर दोन्ही दिवसांची नोंद केलेली. अक्षर मुलाचं नाही.

"शुक्र. सु. 3 मो. शे. 2 लिं. शी दोघांची झाली. बटण दोन वेळा.

शनि. सु. 3 मो. (एक लहान, पण बरा आहे, खेळतोय). शे. 3 लिं. कप्पा रिकामा केला, गाडीत दिला. मुलगा म्हणाला, आंटी, अंकल कहाँ हैं.

झाऱ्याचे पैसे बाकी."